सातबारा सांगतो किती, मोजणी सांगते कुठे



एरवी या पानावर मी बालवाडीची मुले, दवाखान्याची फेरी, वाडीवरच्या बायकांचा बचत गट यांविषयी लिहितो. या तिमाहीत मात्र जमिनीच्या मोजणीविषयी लिहीत आहे. विषय कचेरीतला आणि रुक्ष वाटेल. पण गेल्या वर्षभरात आमचा बराच वेळ याच कामात गेला. शिवाय त्यातून आपल्या संस्थेची एक चूक उघडकीला आली. जे लोक आपल्या दानातून हे काम उभे ठेवतात, त्यांच्यापासून ती लपवणे बरोबर होणार नाही.

कुंपण कोणाचे सरकले?

साजगाव खालापूर तालुक्यात, खोपोलीला लागून आहे. बोंबल्या विठोबाच्या कार्तिकातल्या यात्रेमुळे हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सुकी मासळी, घोंगड्या, मिठाई यांची दुकाने लागतात आणि कर्जत-खालापुरातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची माणसे डोंगर उतरून येतात. या भागातल्या एका वाडीच्या पायथ्याशी आपल्या बालवाडीची बिनशेती जागा आहे. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही.

दोन वर्षांपूर्वी जागेच्या वरच्या बाजूला फार्महाऊससाठी प्लॉट घेतलेल्या एका गृहस्थांनी सिमेंटचे खांब रोवून तारेचे कुंपण घातले. आम्हा सगळ्यांची खात्री झाली की ते आपल्या जागेत आले आहेत. समितीच्या बैठकीत आवाज चढले. "गरिबांच्या संस्थेची जागा खातात," असे मीही बोललो. शेवटी एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "आपली हद्द नेमकी कुठे आहे, हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हते. जागा घेताना विकणाऱ्याने हाताने दाखवले होते: त्या सागापासून खालच्या ओढ्यापर्यंत. आम्ही तेच धरून खालच्या बाजूला ओढ्याच्या काठाने कुंपण घातले होते.

म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. ठरलेल्या दिवशी भूकरमापक यंत्र घेऊन आले. चारी बाजूंच्या लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या होत्या. वरचे फार्महाऊसवाले आले. खालच्या बाजूचे शेत एका ठाकूर आजोबांचे. तेही आले आणि बांधावर बसून राहिले. कोणाशी बोलले नाहीत.

दुपारी खुणा पडल्या. वरच्या बाजूचे तारेचे कुंपण बरोबर जागेवर होते. चूक खालच्या बाजूला होती, आणि ती आमची होती. ओढ्याने कधीतरी मोठ्या पावसात पात्र बदलले होते. कागदावरची हद्द जुन्या पात्राशी होती आणि आमचे कुंपण नव्या पात्राशी. सुमारे ६० मीटर लांबीच्या कुंपणात सरासरी ६ मीटरचा फरक. हिशोब केला तर साडेतीन गुंठे. आजोबांच्या खाचराचा तो तुकडा इतकी वर्षे आमच्या आवारात होता आणि त्यावर आम्ही मुलांसाठी झोपाळा लावला होता.

मी आजोबांना विचारले, "बाबा, इतकी वर्षे बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "मला ठावं व्हतं, सर. पन तुमी पोरांना शिकवता. तुमच्याशी काय भांडायचं?"

साडेतीन गुंठ्यांत भात किती, तर पोते-दीड पोते. आपल्याला ते थोडे वाटेल. ज्या घरात जूनपासून दिवाळीपर्यंत तांदूळ मोजून शिजतो, तिथे ते थोडे नाही.

सातबारा असताना मोजणी कशाला?

हा प्रश्न मला वाडीवरही विचारतात आणि मंडळीतही. उत्तर सोपे आहे. सातबारा उताऱ्यावर जमीन कोणाची, किती आणि तिच्यात काय पिकते हे लिहिलेले असते. गाव नमुना सात हा मालकी हक्काचा आणि नमुना बारा हा पिकांचा, म्हणून सातबारा. समजा त्यावर क्षेत्र ०.४२.०० असे आहे. म्हणजे ४२ आर, जवळजवळ साडेएकेचाळीस गुंठे. पण हे ४२ आर डोंगराच्या या अंगाला की त्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे सातबारा सांगत नाही. ते नकाशा सांगतो. नकाशावरची रेष शेतात नेमकी कुठे पडते, हे मोजणी सांगते.

आपल्याकडच्या जमिनीची पद्धतशीर मोजणी इंग्रजी अमलात, १८३० च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी ती पद्धत बसवली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. मोजायला ३३ फुटांची लोखंडी साखळी असे. तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आपण आजही गुंठ्यात बोलतो ते त्या साखळीमुळे. त्या काळची टिप्पणे, म्हणजे प्रत्येक शेताच्या मापांचे कच्चे नकाशे, भूमी अभिलेख कार्यालयात जपलेली असतात. आजचा भूकरमापक उपग्रहाच्या आधाराने चालणारे रोव्हर यंत्र घेऊन आला तरी तो मुळात त्या जुन्या मापांचाच माग काढत असतो.

शेतात मात्र त्या काळचे हद्दीचे दगड राहिलेले नसतात. कोणी चूल मांडायला नेले, कोणी नांगरताना काढून टाकले. हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने जमीन धारण करणाऱ्यावरच आहे, आणि त्या मुद्दाम मोडणे हा दंडनीय अपराध आहे. पण खूण कुठे होती हेच माहीत नसेल तर सांभाळणार काय?

कायदा विक्री अडवतो, कुंपण अडवत नाही

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. कर्जत आणि खालापूर मुंबईपासून दीड-दोन तासांवर आले. डोंगरउताराच्या ज्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरीशिवाय काही पिकत नसे, तिला फार्महाऊससाठी गिऱ्हाईक आले. यात सगळेच वाईट आहे असे मी म्हणत नाही. आमच्या वरच्या बाजूचे गृहस्थ प्रामाणिक निघाले, हे आताच सांगितले. पण जिथे जमिनीचा भाव चढतो तिथे बांधावरची एक-एक वीत महाग होते.

आदिवासींच्या जमिनीला कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता, गहाण देता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. ही तरतूद ६ जुलै १९७४ पासून लागू आहे. त्याआधी, १ एप्रिल १९५७ पासून, हातची गेलेली जमीन परत मिळण्यासाठीही वेगळा कायदा झाला. हे सगळे चांगले आहे. पण हा कायदा व्यवहार बघतो. खरेदीखत झाले तर तो विचारू शकतो. दर पावसाळ्यानंतर कुंपणाचा खांब दोन फूट आत सरकला, तर तिथे खरेदीखत नसते, फेरफार नसतो, परवानगीचा प्रश्न नसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते. जमीन कागदावर पूर्ण असते आणि पायाखाली कमी होत जाते.

अशी घट दिसायला एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोजणी. आणि आमच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आले असेल की खांब सरकवणारा दरवेळी दुष्टच असतो असे नाही. भल्या हेतूने काम करणारी आपल्यासारखी संस्थाही असू शकते.

मोजणी कशी होते

तुमच्यापैकी अनेकांची गावी वडिलोपार्जित जमीन आहे. कोणी निवृत्तीनंतर राहायला प्लॉट घेतला आहे. काही मंडळ्यांची जुनी आवारे आणि कबरस्ताने आहेत, ज्यांची हद्द फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. म्हणून पद्धत थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांचे नाव असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्यावी. वाडीवर निम्मी कामे इथेच अडतात.

मग अर्ज. तो तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात किंवा ई-मोजणी या ऑनलाइन सेवेतून करता येतो. सोबत ताजा सातबारा, जागेचे कच्चे रेखाटन आणि लगतच्या धारकांची नावे-पत्ते लागतात. फक्त हद्द जाणून घ्यायची असेल तर हद्द कायम मोजणी मागावी. भावाभावांत वाटणी करायची असेल तर पोटहिस्सा मोजणी मागावी, त्याला सर्व हिस्सेदारांची संमती लागते. फी क्षेत्रावर आणि किती लवकर मोजणी हवी यावर ठरते.

लगतच्या धारकांना नोटीस जाणे हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. पत्ता चुकीचा दिला आणि शेजारी आलाच नाही, तर पुढे वाद उभा राहतो. मोजणीच्या दिवशी झाडी साफ करून ठेवावी, मजूर आणि खुणेचे दगड किंवा खांब तयार ठेवावेत, आणि स्वतः हजर राहावे. भूकरमापक हद्द दाखवतो, उपस्थितांचे जबाब घेतो. नंतर कार्यालयातून नकाशाची जी प्रत मिळते तिला क-प्रत म्हणतात. तिच्यात कागदावरची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात. सातबारा जपता तितकीच ही प्रत जपा. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्यांकडून निमताना मोजणी मागता येते.

खाजगी सर्वेअरकडून प्लॅन करून घेणे घर बांधताना उपयोगाचे असते. पण हद्दीचा वाद झाला तर तहसील कचेरीत आणि कोर्टात भूमी अभिलेख विभागाचीच मोजणी विचारली जाते. घर बांधण्यापूर्वी, कुंपण घालण्यापूर्वी, जमीन विकत घेण्यापूर्वी ती करून घ्यावी. भिंत उभी राहिल्यावर खरे कळले तर त्याची किंमत फार पडते.

ज्यांच्याकडे सातबाराच नाही

आतापर्यंत मी जमीनमालकांविषयी बोललो. पण आमच्या भागातले बहुतेक कातकरी मालक नाहीत. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम गट मानले आहे, त्यांत कातकरी आहेत. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. पूर्वी शेतमजुरीला, कोळशाच्या भट्ट्यांना माणसे हवी म्हणून जमीनदारांनी त्यांना आपल्या जमिनीच्या कडेला वस्ती करू दिली. पिढ्या गेल्या. घरे तिथेच राहिली, पण जमीन दुसऱ्याच्या नावावर राहिली. आज ती विकली गेली की नवा मालक कुंपण घालतो, आणि अख्खी वाडी कुंपणाच्या आत सापडते.

घरकुल मंजूर होते, पण घर बांधायला स्वतःची जागा दाखवता येत नाही. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणे मोजून घरांच्या मिळकत पत्रिका देणे सुरू झाले. पण ती मोजणी गावठाणाची. जी वाडी गावठाणात धरलेलीच नाही, तिच्या झोपड्यांवरून ड्रोन गेला तरी हातात पत्रिका येत नाही. अशा वाडीला आधी गावठाण म्हणून मान्यता मिळावी लागते. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने या प्रश्नावर कातकऱ्यांबरोबर बरेच काम केले आहे. त्यांच्या आणि इतरांच्या अनुभवातून आम्ही एक गोष्ट शिकलो. अर्जाआधी वाडीने स्वतःचा नकाशा काढावा. घरे किती, विहीर कुठे, स्मशान कुठे, वाट कोणती. हे काम वाडीतल्या आठवी-नववीच्या मुली फार छान करतात.

वनजमिनीचीही तीच गोष्ट. रायगडमध्ये दळी जमिनी आहेत. जुन्या काळी वनखात्याने आदिवासींच्या गटांना कसायला दिलेले हे तुकडे. नोंद बहुधा गटाच्या प्रमुखाच्या नावावर, आत कोणाचा भाग कुठला हे तोंडी. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्यांना हक्क मागता येतो. दावा केल्यावर वनहक्क समिती दावेदाराला कळवून जागेवर पाहणी करते. त्या दिवशी दावेदार हजर नसेल तर कसतो एक एकर आणि कागदावर येतात पंधरा गुंठे, असे होऊ शकते.

आणि इथेच एक अडचण आहे, जी शहरात बसून कळत नाही. मोजणी आणि पाहणीची कामे सहसा पावसाळा संपून भात कापल्यावर होतात. नेमके तेव्हाच, दिवाळीनंतर, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ती परततात पावसाच्या तोंडाशी. नोटीस बंद दारावर लागते, आणि मोजणीला शेजारी हजर असतो, पण ज्याची जमीन तो नसतो.

मेर सारू नये

पवित्र शास्त्रात जमिनीच्या मोजणीचे प्रसंग आहेत, याकडे माझे लक्ष या वर्षीच गेले. शिलोमध्ये यहोशवाने प्रत्येक वंशातून तीन माणसे निवडली, त्यांना देशभर फिरून जमिनीचे वर्णन लिहून आणायला सांगितले, आणि मग वाटणी केली. यिर्मयाने अनाथोथचे शेत घेतले तेव्हा साक्षीदार बोलावले आणि खरेदीपत्र मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावले. अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याची मेर सारण्याला मनाई आहे, आणि नीतिसूत्रांत पोरक्यांच्या शेतात घुसण्याविषयी वेगळा इशारा आहे.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. ती शिकवताना मी नेहमी स्वतःला नाबोथाच्या बाजूला उभे केले होते. त्या दुपारी खुणा पडल्यावर मला अहाबाची आठवण झाली. आपण काही कट केला नव्हता, हे खरे. पण गरीब शेजारी आपल्यासमोर बोलू शकत नाही, हे आपल्या लक्षातही आले नव्हते.

पुढे काय केले

समितीने ठराव करून खालचे कुंपण मोजणीच्या खुणांवर मागे घेतले. झोपाळा हलवला. मी आणि समितीचे दोन सभासद आजोबांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. आजींनी कोरा चहा दिला. आजोबा म्हणाले, "आता पोरांना खेळायला जागा कमी पडंल." गेल्या पावसात त्या तुकड्यात पुन्हा भात लागला. दगड-माती साफ करायला बालवाडीच्या मुलांचे आईबाप आले होते.

आजोबांचा सातबारा अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे. वारस नोंदीचे कागद आम्ही तलाठी कार्यालयात दिले आहेत. नोंद झाली की त्यांच्या शेताची पूर्ण मोजणी संस्थेच्या खर्चाने करायची आहे, कारण दुसऱ्या बाजूंनीही त्यांची हद्द कुठे आहे हे त्यांना माहीत नाही. त्यानंतर वाडीतली इतर ठाकूर कुटुंबे, आणि जवळच्या एका कातकरी वाडीचा गावठाणाचा अर्ज, असा क्रम ठरवला आहे. मोजणीच्या तारखेला भट्टीवरून कुटुंबाला आणण्या-नेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी हाही खर्च आम्ही यात धरला आहे. तुमच्या या तिमाहीच्या दानातून मोजणी निधीसाठी काही वेगळे काढता आले तर पाकिटावर तसे जरूर लिहा. तुमच्यात कोणी भूमी अभिलेख किंवा महसूल खात्यातून निवृत्त झालेले असतील, तर महिन्यातला एक शनिवार आम्हाला द्या. पैशांपेक्षाही त्याची गरज जास्त आहे.

प्रार्थनेत आठवण ठेवा:

आजोबांच्या वारस नोंदीसाठी, ती विनाविलंब व्हावी.

कातकरी वाडीच्या नकाशावर काम करणाऱ्या मुलींसाठी.

भट्टीवर गेलेल्या कुटुंबांसाठी, ती सुखरूप परत यावीत आणि परत येईपर्यंत त्यांची जागा जागेवर असावी.

आणि आपल्या सर्वांसाठी, की आपल्या जमिनीची आणि आपल्या मंडळीच्या आवाराची हद्द आपण एकदा तपासून पाहावी. मोजणीत आपले काही हरवलेले सापडेल. दुसऱ्याचे काही आपल्याकडे सापडले, तर ते परत करण्याची बुद्धी प्रभूने आपल्याला द्यावी.

तुमचा सेवक,
साजगाव